अकरा नाण्यांची टोपी

म्युनिकमधल्या एका जुन्या नाण्यांच्या लिलावघरात मी बावीस वर्षं काढली. या बावीस वर्षांत ज्या वाक्यानं माझं डोकं सगळ्यात जास्त उठवलं, ते वाक्य असं: "मला विकायचं वगैरे काही नाही हो, नुसतं काय लिहिलंय तेवढं वाचून सांगा." हे म्हणणारा माणूस पाचव्या मिनिटाला "मग याचे किती येतील?" यावर येणार हे ठरलेलं. लग्नाच्या बैठकीत आधी प्रवास कसा झाला, उकाडा फार आहे, असं बोलून होतं आणि मग गाडी मूळ मुद्द्यावर येते, तसं. नाणं कुणी पाडलं, कुठून कुठं फिरत आलं, याच्याशी कुणाला काही देणंघेणं नसतं. मी सांगायला लागलो की लोक घड्याळाकडं बघतात. त्यामुळं पुढंपुढं मी ते वाक्य ऐकायचंच सोडून दिलं. समोरच्यानं "नुसतं वाचून" म्हटलं की मधली पाच मिनिटं मनातल्या मनात गाळून मी थेट फॉर्म काढत असे. एकदाच चुकलो. ते सांगायलाच हा लेख लिहायला बसलोय. पण आधी आमचा धंदा काय असतो ते सांगतो, नाहीतर चूक कळायची नाही.

आमचं घराणं पुण्यातल्या तांबट आळीतलं. आजोबा, वडील, चुलते, सगळे तांब्याची भांडी ठोकणारे. हातोडा चुकवायचा म्हणून मी धातुशास्त्र शिकलो, जर्मनी गाठली, आणि फिरून फिरून शेवटी तांब्यापाशीच येऊन पडलो. लिलावघराला असा माणूस हवा होता, ज्याला धातू कळतो, जुन्या लिप्या वाचायची चिकाटी आहे आणि जो तळघरातल्या बिनखिडकीच्या खोलीत तक्रार न करता बसेल. यातली तिसरी अट मी कधीच पाळली नाही.

काम असं असे. गिऱ्हाईक नाणी आणून देतं आणि ती विकायला दिल्याच्या फॉर्मवर सही करतं. फॉर्मचं नाव आइनलीफरुंगश्शाइन. ते नाव उच्चारून होईपर्यंत बिचारं गिऱ्हाईक सही करून मोकळं झालेलं असतं. मग नाणी माझ्याकडं येतात. मळ काढायचा, वजन करायचं, व्यास मोजायचा, खरं की बनावट ते ठरवायचं, अक्षरं वाचायची आणि कॅटलॉगसाठी तीन ओळी लिहायच्या. तीनच. आमचे मालक हेर आइगनर चौथी ओळ दिसली की लाल पेन्सिलीनं काट मारत. "हेर करडे, आपण नाणी विकतो, गोष्टी विकत नाही." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आजही स्वप्नात येतं, आणि तेसुद्धा जर्मनमध्ये.

मळ काढायचा म्हणजे चकचकीत करायचं नाही, हे समजायला मला तांबटाचा मुलगा असल्यामुळं जास्त वेळ लागला. आमच्याकडं तांब्याचं भांडं चिंच लावून आरशासारखं लखलखलं पाहिजे. जुन्या कांस्य नाण्यावर मात्र शतकानुशतकं जो हिरवट-तपकिरी थर चढतो, तोच त्याचा दागिना. तो खरवडला की नाणं मेलं. माझे हात सुरुवातीला नुसते शिवशिवायचे. पुढं मी इतका पक्का झालो की एखादा थर कुठं संपतो आणि मळ कुठं सुरू होतो, हे मला डोळे मिटून बोटांनी सांगता येई. निदान तेव्हा मला तसं वाटत असे.

गिऱ्हाइकांबद्दल काय सांगू? र्युसेल्सहाइमहून एक गृहस्थ नियमित यायचे. तिथल्या मोटारींच्या कारखान्यात आयुष्यभर सुटे भाग तपासून निवृत्त झालेले. ते खिशातून स्वतःचा व्हर्नियर कॅलिपर काढत, रोमन नाणं उभं-आडवं मोजत आणि निकाल देत, "इथं एकोणीस, तिथं साडेवीस. हा माल सदोष आहे." मी सांगे की अहो, हे माणसानं हातोडीनं ठोकलंय, दोन हजार वर्षांपूर्वी. "बरं, बरं," ते म्हणत, "पण टॉलरन्स किती ठेवला होता?" एकदा त्यांनी एका रोमन सम्राटाचं नाणं 'बदलून मिळावं' असा लेखी अर्ज केला. त्या अर्जाला मला लेखी उत्तर द्यावं लागलं.

दुसरा ताप आपल्या लोकांचा. दोन हजारनंतर म्युनिकमध्ये पुण्या-मुंबईची संगणकवाली मंडळी भराभरा यायला लागली, आणि नाण्यांच्या दुकानात एक मराठी काका बसतात ही बातमी गणपती मंडळातून सगळीकडं पोचली. दोन हजार सहा-सातच्या सुमाराची गोष्ट. एका सोमवारी सकाळी एक तरुण इंजिनीअर आला. वडिलांनी गावाहून पाठवलेलं, कंपनी सरकारच्या काळातलं म्हणून विकलेलं हनुमानाचं तांब्याचं नाणं त्यानं समोर ठेवलं. असली नाणी आपल्याकडं जत्रेत ढिगानं मिळतात.

"काका, हे साधं नाहीये. हे तांदूळ ओढतं."

"काय ओढतं?"

"तांदूळ. म्हणजे पॉवर आहे त्यात. बाबांनी स्वतः बघितलंय. गेनाऊ, अगदी खरं, मी तांदूळ घेऊनच आलोय."

त्यानं प्लॅस्टिकच्या पिशवीतून मूठभर तांदूळ काढून माझ्या टेबलावर पसरले आणि मधोमध नाणं ठेवलं. आम्ही दोघं, एक धातुशास्त्राचा पदवीधर आणि एक सॉफ्टवेअर आर्किटेक्ट, श्वास रोखून बघत बसलो. तांदूळ जागचे हलले नाहीत.

"बासमती आहे म्हणून असेल, काका," तो विचार करून म्हणाला. "गावाला आंबेमोहोर होता."

त्याला वाटेला लावलं तेव्हा माझं डोकं ठणकत होतं. आणि त्याच्या पाठोपाठ, तांदूळ टेबलावर तसेच असताना, फ्राऊ शेफर आत आल्या.

सत्तरीच्या, ठेंगण्या, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल बांधलेल्या बाई. बसायच्या आधी त्यांनी टेबलावरचे तांदूळ दोन्ही हातांनी गोळा केले, एक एक दाणा उचलला, नि म्हणाल्या, "हे टाकू नका हं." मी एक पाकीट दिलं. त्यांनी त्यात तांदूळ भरून पाकीट माझ्यापुढं सरकवलं आणि मग पिशवीतून एक लहान मुलाची टोपी काढली.

जाड कापडाची, कधीकाळी लाल असलेली, तेलानं काळवंडलेली टोपी. मागं मानेवर येणारं लांब फडकं. आणि कपाळाच्या वर, दोन ओळींत, घट्ट शिवून टाकलेली अकरा नाणी. प्रत्येकाच्या मधोमध चौकोनी भोक, आणि त्या भोकातूनच टाके घातलेले.

मी चपापलोच. चौकोनी भोक बघून लोक ही नाणी चिनी समजतात. पण मळातूनही एकावर मला जी खूण दिसली, ती चिनी नव्हती. ही नाणी सोग्दियन होती.

सोग्दियन कोण, ते थोडक्यात सांगतो. इथं हेर आइगनरांची लाल पेन्सिल नाही. समरकंद, बुखारा, पंजकेंट ही त्यांची गावं. चीनपासून इराणपर्यंतच्या व्यापारी वाटांवर यांचे तांडे असत. राज्यं लहान, पण सगळ्यांच्या भाषा यांना येत आणि सगळ्यांचा माल यांच्याकडं मिळे. चिनी बखरींत लिहून ठेवलंय की यांच्याकडं मूल जन्मलं की त्याच्या जिभेवर गोड ठेवत आणि तळहाताला खळ लावत. बोलणं गोड व्हावं आणि हातात आलेलं नाणं चिकटून राहावं म्हणून. चांदीचं नाणं काढताना यांनी इराणकडं बघितलं, आणि रोजच्या बाजारातलं कांस्याचं नाणं हवं झालं तेव्हा चीनकडं. चीनमध्ये नाणं ठोकत नाहीत, साच्यात ओततात, आणि मध्ये चौकोनी भोक ठेवतात. भोकातून चौकोनी सळई घातली की नाणं फिरत नाही, कडा कानशीनं घासता येतात. शिवाय दोरीत माळ ओवता येते. सोग्दियनांनी साचा उचलला, भोक उचललं, पण अक्षरं आपली घातली आणि पाठीमागं आपल्या राजघराण्याची खूण. माझ्यासारख्या तांबटाला यात सगळ्यात आवडतं ते हे, की परक्याची युक्ती घेताना यांना लाज वाटली नाही आणि आपलं नाव टाकायलाही ते विसरले नाहीत.

पंजकेंटच्या काही नाण्यांवर तर राजाऐवजी देवीचंच नाव येतं. देवीचं नाव नाना. ही मूळची पार इराकमधल्या दोन नद्यांच्या काठची. तिथून निघाली, इराण ओलांडलं, आपल्याकडच्या कुशाण राजांच्या नाण्यांवर आली आणि सोग्दियनांच्या गावात जाऊन घरची होऊन बसली. आमच्या घरी नाना म्हणजे माझे थोरले चुलते, भरघोस मिशांचे. त्यामुळं मला हिच्यापुढं गंभीर व्हायला जरा वेळ लागला.

हे सगळं मला येत होतं. आणि तरी हेर आइगनरांच्या लेखी ही नाणी कॅटलॉगच्या शेवटच्या पानावरची, 'इतर' या सदरातली. मला मात्र पाच-सात वर्षांतून एकदा कधी असलं घबाड हाती लागे, आणि आज तेही टोपीवर.

फ्राऊ शेफर सांगू लागल्या. त्यांचं जर्मन त्यांच्या पणजोबांच्या काळातलं. रशियातल्या व्होल्गा नदीकाठचे जर्मन ते. दुसऱ्या महायुद्धात तिथल्या सरकारनं सगळ्यांना गाडीत कोंबून पूर्वेकडं पाठवलं. पुढं हे कुटुंब समरकंदच्या बाजूला जाऊन स्थिरावलं. नव्वदनंतर जर्मनीनं परत बोलावलं तेव्हा हे लोक इकडं आले.

"तुम्ही हिंदुस्थानातले ना?" त्यांचा चेहरा एकदम उजळला. "आमच्याकडं तुमचे सिनेमे यायचे. आम्ही सगळ्या रडायचो. हेर डॉक्टर, माझी दोन मुलं पाळण्यातच गेली. तिसऱ्याच्या वेळी शेजारच्या झुलेखानं ही टोपी शिवून दिली. ताजिक होती ती. कापसाच्या शेतात नांगराला ही नाणी लागायची, तिनं साठवलेली. म्हणाली, ही घाल, हा राहील. राहिला. त्याच्या मुलीनंही हीच घातली. आता तिला बाळ होणारेय, पुढच्या महिन्यात. पण काट्या, माझी नात, नर्स आहे. ती म्हणते, ओमा, हे मळकट आहे, आणि वर काय लिहिलंय कुणाला ठाऊक, शिव्याशाप लिहिले असतील तर? काय लिहिलंय ते कळल्याशिवाय मी बाळाला घालणार नाही. म्हणून आले. मला विकायचं नाहीये, तुम्ही नुसतं वाचून सांगा."

झालं. ते वाक्य आलं.

आज मी स्वतःला विचारतो की दोन मेलेली मुलं, एक जगलेलं, पुढच्या महिन्यात येणारं बाळ, हे सगळं मी ऐकलं की नाही? ऐकलं. शब्दन् शब्द ऐकला. पण आजीचा वारसा, नातीचं बाळंतपण, शेजारणीची आठवण, असल्या प्रस्तावना मी वर्षानुवर्षं ऐकत आलो होतो आणि प्रत्येकीच्या शेवटी 'किती येतील' होतं. ठणकत्या डोक्यानं मी फॉर्म काढला, खूण केलेल्या जागी बोट ठेवलं आणि म्हटलं, "इथं सही. दोन आठवड्यांनी या."

त्यांनी न वाचता सही केली. जिनं आयुष्यभर कचेरीनं पुढं केलेल्या कागदावर मुकाट सही केली, ती माझ्या कागदावर का वाद घालेल? हे मला नंतर सुचलं.

बुधवारी मी कामाला बसलो. तेलाचा थर असा चढलेला की अक्षर लागेना. वाचायचं तर साफ करणं भागच होतं, इथपर्यंत मी बरोबर होतो. मग मी पातं घेतलं आणि टाके कापले. एक एक नाणं सोडवलं, ओळीनं ठेवलं, स्पिरिटच्या बोळ्यानं, मऊ ब्रशनं, लाकडी काडीनं थर न दुखावता वरचा मळ उतरवला. इतकं सुंदर काम माझ्या हातून क्वचित झालं असेल. सात नाण्यांवर समरकंदच्या राजांची नावं उमटली. एक निखळ चिनी निघालं. आणि तीन पंजकेंटची: 'नाना, पंचची स्वामिनी'; पंच हे पंजकेंटचंच जुनं नाव. एकट्यानं खुर्चीतून उठून मी दोन फेऱ्या मारल्या.

मागं उरली टोपी. आमच्या धंद्यात नाण्याखेरीज जे असेल ते सगळं मळ. पिशवी, डबी, दोरा, चिकटलेलं कापड, हे सगळं काढायचं आणि टाकायचं, ही पद्धत. टाकण्यावरून मात्र इमारतीची देखभाल करणाऱ्या हाउसमाइस्टरनं मला एकदा चारचौघांत झापलं होतं, कागदाच्या डब्यात चहाची पुडी टाकली म्हणून. त्यामुळं मी टोपी हातात धरून खालच्या अंगणात उभा राहिलो आणि नीट विचार केला. कापडाच्या डब्यात? नाही, तेलकट आहे. जैविक? नाही, दोरा नायलॉनचा असू शकेल. शेवटी ती रेस्टम्युलच्या, म्हणजे कशातच न बसणाऱ्या कचऱ्याच्या, काळ्या डब्यात टाकली. अगदी नियमानुसार. गुरुवारी डबा रिकामा झाला.

दोन आठवड्यांनी फ्राऊ शेफर आल्या. मी ऐटीत मखमलीचा ट्रे पुढं केला. अकरा नाणी, खाली क्रमांक. तोपर्यंत कॅटलॉगची मुद्रितंही आली होती, तीही ठेवली. त्यांनी ट्रेकडं पाहिलं, मग ट्रेखाली पाहिलं, मग माझ्या पाठीमागच्या कपाटाकडं.

"टोपी कुठंय?"

मी सांगितलं. तोंडातून शब्द निघत असतानाच मला माझा आवाज ऐकू येत होता. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फक्त खुर्चीत जरा मागं सरल्या.

"कचेरीत दिलेलं परत येत नाही, हे मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "माझ्या आईनं हजारदा सांगितलेलं. पण तुम्ही हिंदुस्थानातले, म्हटलं तुमच्याकडं लहान मुलांना असं काही बांधत असतील. म्हणून तुमच्यापुढं ठेवली."

असंच बांधतात. माझ्याच कंबरेला, करदोड्यात ओवून, आईनं भोकाचा पैसा बांधला होता. इंग्रजांच्या शेवटच्या वर्षांतला, तांब्याचा. पाचव्या वर्षापर्यंत तो मी घालत होतो आणि त्यामुळंच गोवर वरच्यावर गेला असं आई मरेपर्यंत म्हणत होती. जगात ज्या थोड्या माणसांना ती टोपी न सांगता कळायला हवी होती, त्यांतला मी एक. आणि मी ती योग्य त्या डब्यात टाकून आलो होतो.

"नाणी मी तुम्हाला परत देतो," एवढंच मी म्हणालो. "बाळ यायच्या आत."

संध्याकाळी घरी सांगितलं तेव्हा बायको, शुभांगी, पोळ्या करत होती. तिनं तवा उतरवला. "अहो, पण तुमच्याच कंबरेला पैसा होता ना? सासूबाई मला दाखवायच्या तो." मी म्हटलं, हो. माझी मुलगी सई तेव्हा सोळा वर्षांची. तिला मराठी सगळं कळायचं आणि उत्तर जर्मनमध्ये यायचं. ती म्हणाली, "आइनफाख झो?" म्हणजे, असंच? सहज टाकून दिलीत? इतकी वर्षं ती मला जर्मनमध्ये उत्तर देते म्हणून मी चिडत असे. त्या दिवशी चिडायला तोंड नव्हतं.

दुसऱ्या दिवशी हेर आइगनरांकडं गेलो आणि अकरा लॉट मागं घ्यायचे म्हणालो.

"तर मग, हेर करडे. बाईंची सही आहे?"

"आहे. पण त्यांना समजलं नव्हतं."

"सही अगदी जिथं हवी तिथं आहे. कॅटलॉग छापायला जातोय. समजलं नव्हतं हे कारण मी कुठल्या रकान्यात लिहू?"

मी अर्धा तास त्यांना पाळणा, नात, शेजारीण सगळं सांगितलं. ते घड्याळाकडं बघत होते, जसं मी गिऱ्हाइकांच्या प्रस्तावना ऐकताना बघायचो. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. या माणसाला गोष्ट सांगून उपयोग नाही, याला कागदच दाखवायला हवा. मी तळघरात गेलो आणि कंपनीच्याच छापील कागदावर लिहिलं: सदर अकरा नाणी सापडल्या देशातून बाहेर कशी आली याचा एकही दस्तऐवज उपलब्ध नाही, तपासणीस या नात्यानं विक्रीस माझी लेखी हरकत आहे, कृपया लेखी उत्तर द्यावं. तारीख, सही, शिक्का.

हेर आइगनरांनी तो कागद दोनदा वाचला. "अशा फुटकळ नाण्यांना कागद कोण विचारतो?"

"मी विचारतोय. लेखी."

लेखी प्रश्नाला लेखी उत्तर देणं आणि ते फायलीत कायमचं राहणं, या दोन गोष्टींचा त्यांना मनापासून कंटाळा होता. लाल पेन्सिल उचलून त्यांनी मुद्रितावर अकरा ठिकाणी काट मारली. "तुम्ही फार जर्मन झाला आहात, हेर करडे," ते म्हणाले. बावीस वर्षांत त्यांनी माझं केलेलं हे एकमेव कौतुक.

फ्राऊ शेफरना बोलावलं. निघताना शुभांगीनं माझ्या हातात एक पुडकं दिलं. सईची कुंची. सई जन्मली तेव्हा शुभांगीच्या आईनं पुण्याहून आणलेली, लाल खणाची, जरीच्या काठाची, मागं पाठीपर्यंत येणारी. "तिला विचारलंस?" मी म्हटलं. "तिनंच काढून ठेवलीय," शुभांगी म्हणाली.

फ्राऊ शेफरनी कुंची उलटसुलट करून पाहिली. मागचं लोंबतं कापड बोटांत धरलं. "झुलेखाच्या टोपीलाही हे होतं," त्या म्हणाल्या. "मानेला वारा लागू नये म्हणून." मग त्यांनी पिशवीतून सुई आणि दोरा काढला. घरी नेऊन शिवणार नव्हत्या त्या. इथंच, माझ्या टेबलावर, माझ्या दिव्याखाली.

"तुम्ही वाचा," त्या म्हणाल्या. "मी शिवते. एकेक वाचा, म्हणजे माझ्या लक्षात राहील. काट्याला सांगायचंय."

त्या हात पुढं करत, मी ट्रेमधलं एक नाणं त्यांच्या तळहातावर ठेवी आणि वाची. समरकंदचा राजा अमुक. समरकंदचा राजा तमुक. त्या ओठांतल्या ओठांत ते घोकत आणि भोकातून चार टाके घालत. चिनी नाणं आलं तेव्हा त्यांनी ते मधोमध घेतलं, "हा पाहुणा" म्हणाल्या. मग 'नाना, पंचची स्वामिनी' आली.

"स्वामिनी म्हणजे? बाई?"

"देवी. त्या गावाची आईच म्हणा."

त्यांची सुई थांबली. "आणखी आहेत अशी?"

"तीन आहेत."

"दोन गेली, एक राहिला," त्या म्हणाल्या. "झुलेखाला वाचता येत नव्हतं हो." तीनही नाणी त्यांनी पुढच्या ओळीत, अगदी कपाळावर येतील अशी, शेजारी शेजारी शिवली. मी चष्मा पुसत बसलो. त्या खोलीत खिडकी नव्हती त्यामुळं बाहेर बघायचीही सोय नव्हती.

शिवून झाल्यावर त्यांनी दात लावून दोरा तोडला. कुंची हातावर चढवून गोल फिरवून पाहिली. खरं सांगायचं तर ती देखणी दिसत होती. लाल खण, जर, आणि वर जुनं हिरवट कांस्य.

"आता काट्या नाही म्हणणार नाही," त्या म्हणाल्या. "स्वच्छ आहे. वाचलेलीही आहे." आणि मग त्यांनी ती दोन्ही हातांत धरून नाकाशी नेली. बराच वेळ धरली. माझ्या स्पिरिटच्या बोळ्यांनी काय काय पुसलं गेलं होतं, ते मला तेव्हा नीट कळलं. त्यांच्या मुलाचं टाळूचं तेल, नातीचं तेल, चाळीसहून जास्त वर्षांचं. ते मी स्वतःच्या हातानं, थर न दुखावता, अतिशय कौशल्यानं काढून टाकलं होतं.

"काही येतंय का?" मी विचारलं. मूर्खासारखा प्रश्न.

"नाही," त्या म्हणाल्या. कुंची घडी करून त्यांनी पिशवीत ठेवली आणि उठल्या. दाराशी जाऊन माझ्याकडं वळल्या. "येईल. बाळानं घातली की येईल."

तांदळाचं पाकीट अजून माझ्या खणात होतं. ते मी घरी नेलं आणि त्याचा भात केला.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत आणखी बरीच वर्षं मी त्या तळघरात बसलो. कॅलिपरवाले आले, तांदूळवाले आले, हेर आइगनरांची लाल पेन्सिल चालूच राहिली आणि माझी चिडचिडही. फक्त कुणी म्हणालं, "नुसतं वाचून सांगा," की मी फॉर्म काढत नसे. मी वाचून सांगत असे, आणि ते पाचव्या मिनिटाला किमतीवर येईपर्यंत वाट बघत असे. जवळपास सगळेच आले.